निधान

शनिवार खुटावरच्या गनीसाबनं
हा ट्रायपॉड मला किलोवर तोलून विकला.
सागवानी पाय, पितळी टोपी, टोकाला लोखंडी खिळे.
मोजणीखात्याचा हाय, म्हणाला,
ह्याच्यावर दुर्बीण ठेवून कुणीतरी
कुणाच्यातरी हद्दी आखल्यात.
कुठल्या, ते त्याला ठाऊक नव्हतं.
डाव्या पायावर एक आकडा आहे, अर्धा पुसलेला.

एरवी माझं काम खानापुरात, स्टेशन रोडला:
पासपोर्टाचे चेहरे, बारशी, लग्नं.
लग्नात पळत फोटो काढावे लागतात.
नवरी हसते ती एवढीशी,
तेव्हा लेन्समधलं स्थिरीकरण हाताचा कंप गिळतं
आणि मी उपकार मानतो.
बटण अर्धं दाबलं की आत बारीक गुरगुरतं,
पोटाशी मांजर घेतल्यासारखं.

आज जांबोटीच्या पुढं, अंधार असतानाच.
चारशेची लेन्स. ही तर श्वासानंही हलते,
मनगटातल्या नाडीनंही.
फकीराप्पा वाचर पुढं,
पाचोळ्यावर पाय कसा टाकायचा ते सांगत:
निधान, सर, निधान.
त्याच्या कन्नडात, सावकाश.
माझ्या आईच्या मराठीत, पुरून ठेवलेलं धन.
चाळीस वर्षं दोन्ही ऐकतोय,
कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

बेहड्याच्या खोडात, तीस फुटांवर, एक चीर.
आत धनेशाची मादी.
दार तिनं आतूनच लिंपून घेतलंय,
आमच्या गावच्या कुंभारानं हात लावून बघावं असं.

मधला दांडा वर काढला नाही.
पाय फाकवले, खिळे मुरमात रुतवले,
पोटाशी वजन म्हणून तांदळाची पिशवी टांगली,
पाच किलो बासमती, बहिणीला पोचवायची होती.
गळ्याचा पट्टा सोडून खिशात घातला;
वाऱ्यानं तो फडफडला तरी फोटोत उमटतो.
दोन सेकंदांचा टायमर. हात मागं.

आधी पंख ऐकू आले,
कुणी उभ्या जंगलाला भाता मारतंय असे.
मग तो. गळ्यातून एकेक उंबर वर आणत,
चिरेत देत.
मी चौदा फोटो घेतले.
मोठे करून पाहिले तर चौदाही चोचींना
दुसरी चोच चिकटलेली.

वारा नव्हता. मुरूम पक्का होता.
मग लेन्सच्या कुशीतलं बटण दिसलं,
कालच्या लग्नापासून चालूच राहिलेलं.
हलणारं काही नसलं की ते कंप शोधत बसतं.
नाहीच सापडला तर
आपणच करतं.

मला गुंडूकाका आठवले.
मोर्च्यांचे दिवस सरले,
तरी रोज सकाळी बसस्टँडवर उभे राहून बघतात
पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
घरी येऊन चहा पिताना कपबशी वाजते.
मी कधी त्यांना हसलो नाही.
आज तर मुळीच नाही.

बटण बंद केलं.
पाऊण तास काहीच घडलं नाही.
फकीराप्पानं भाकरी सोडली, अर्धी मला,
वर शेंगाचटणी.
बोटांना लागलेलं तिखट मी पँटला पुसतोय
तोवर भाता पुन्हा.

एक साठांश सेकंद.
तेवढा वेळ तो, झाड, मोजणीखात्याचं सागवान,
तांदूळ, आम्ही दोघं,
सगळं थांबलं. किंवा तेवढ्यापुरतं
थांबल्यासारखं पुरलं.

स्क्रीनवर डोळा आला, आणि डोळ्यावर केस.
फकीराप्पा नाक टेकवून बघत राहिला.
रेप्पे, म्हणाला.
पापण्या, मी म्हणालो.
पाखराला पापण्या असतात हे
आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.
मोजल्या. त्याच्या सात भरल्या, माझ्या आठ.

निघताना पिशवीला भोक पडलेलं दिसलं,
मुंग्या तांदूळ घेऊन केव्हाच निघालेल्या.
खिळे उपटले. मुरमात तीन खड्डे राहिले.
फकीराप्पानं चपलेनं माती ओढून तिन्ही बुजवले.

कशाला, मी विचारलं.

नको की, म्हणाला.
खुणा दिसल्या तर रेंजर विचारतो,
इथं काय मोजलं म्हणून.